मागितलं तरच

इंदूरहून पुण्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या विमानाला उशीर झाला, यात सांगण्यासारखं खरं तर काही नाही. विमानाने जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाकडेही असे किस्से पोत्याने सापडतील. आधी अर्धा तास म्हणाले, मग पाऊण तास, मग बोर्डावरची नवी वेळच नाहीशी झाली आणि ‘विलंबित’ एवढंच उरलं. माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर एक आजी-आजोबा बसले होते. सुदामा नगरचे. नातवाच्या मुंजीला निघालेले. आजोबांच्या मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद मनगटाभोवती दोन वेढे देऊन धरलेले. आत स्टीलचा डबा असावा, कारण पिशवी हलली की झाकण वाजायचं. दर थोड्या वेळाने ते आजींना विचारत, ‘गरगरून तर नाही राहिलं ना?’ आजी मान हलवत. एकदा ते उठून चहाच्या स्टॉलपर्यंत गेले, भिंतीवरचे भाव वाचत बराच वेळ उभे राहिले आणि तसेच परत आले. ‘साखर फार घालतात इथे,’ म्हणाले. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

पाणी भरायला उठले तेव्हा मला गेटच्या काउंटरमागे, भिंतीला टेकवून रचलेली पांढऱ्या खोक्यांची चळत दिसली. तेवढ्यात लॅपटॉपची बॅग खांद्याला लावलेला एक तरुण तिथे गेला, काउंटरवर वाकून हळूच काहीतरी बोलला, कागदावर सही केली आणि एक खोकं घेऊन निघाला. मग मीही गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या बोर्डिंग पासवरचा क्रमांक उतरवून घेतला, सही घेतली, खोकं हातात दिलं. आत सँडविच, वेफर्सचं छोटं पाकीट, ज्यूस. मी विचारलं, ‘ये सबके लिए है?’ ती म्हणाली, ‘जी मैम, जो माँग रहे हैं उनको दे रहे हैं.’ मग माईकवर सांगत का नाही? तिने बाजूला उभ्या असलेल्या तिच्या साहेबाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘ऊपर से बोला नहीं है.’

मी परत येऊन आजोबांना सांगितलं. काका, तिथे खायला देत आहेत, पैसे लागत नाहीत, बोर्डिंग पास दाखवला की झालं. ते लगेच म्हणाले, ‘नको नको, आपला डबा आहे ना.’ मी म्हटलं, अहो नियमच आहे तसा, दोन तासांच्या वर उशीर झाला की त्यांनी द्यायचंच असतं. त्यावर ते थोडे हसले. वीज मंडळात सारी नोकरी झालेली, कागदावर लिहिलेल्या शब्दाला वजन असतं असं मानणारा माणूस. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘नियम असता ताई, तर त्यांनी आपणहून दिलं नसतं का?’

त्यांचं ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

कारण नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे आपण डीजीसीए म्हणतो त्यांनी, तो स्वच्छ लिहून ठेवलेला आहे. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि विमान दोन तास किंवा जास्त लांबलं, तर खाणं-पिणं कंपनीकडून. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं प्रवाशाला हवं ते. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलची खोलीही. न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर भरपाई. इंदूर-पुण्यासारख्या तास-दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. २०२४ च्या अखेरीस तर आणखी फोड करून सांगितलं गेलं: दोन तासांपर्यंत पाणी, दोन ते चार तास चहा-कॉफी आणि नाश्ता, चार तासांच्या वर जेवण. एवढं बारीक लिहिलेलं असताना ते सँडविच भिंतीच्या कडेला उभं राहून कुणी मागेल याची वाट बघत होतं.

आणि आम्ही न मागणारी माणसं. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या कुणालाही विचारा. आमच्या लहानपणी रामबागेतल्या लग्नांत पंगती उठायच्या, आणि पानात काय कमी आहे हे बघणं वाढणाऱ्याचं काम असायचं. जेवणाऱ्याने मागायचं नाही, उलट ‘नको’ म्हणायचं. हात आडवा धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडून पुढे जायचा. यजमान हात जोडून पंगतीतून फिरायचे, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत. माझी आजी पानावरून आम्हाला डोळ्यांनी दटावायची, मठ्ठा हवा असला तरी ओरडून मागायचा नाही म्हणून. भूक लागलीय हे परक्या ठिकाणी तोंडाने बोलणं म्हणजे घराचं नाव घालवणं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की ‘नको’ हा शब्द विचार करायच्या आधीच निघतो. विमान कंपनी आमची यजमान नव्हे, तिला आम्ही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात, हे मला कळतं. आजोबांनाही ते कळत असणारच. पण तरीही काउंटरपर्यंत जाऊन ‘आमचं खाणं द्या’ म्हणायला त्यांची पावलं उचलली नसती, आणि ज्याने ही ‘मागेल त्याला’ पद्धत ठरवली त्याला हे पक्कं ठाऊक असणार. दीडशे-पावणेदोनशे माणसांत किती उठतील? जे रोज उडतात ते. ज्यांना कंपनीने पैसे भरून पाठवलेलं असतं ते. ज्यांनी मुलाच्या आग्रहाखातर पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा विमानात पाऊल ठेवलंय, ते नाही उठत.

जगातले सर्वांत वाईट विमानतळ कोणते, सर्वांत वाईट कंपन्या कोणत्या, याच्या याद्या प्रवासी हौसेने करतात. मीही त्या वाचते. रात्र काढायची वेळ आलेल्या प्रवाशांच्या मतांवरून निघणाऱ्या एका यादीत मनिलाचा विमानतळ २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं सर्वांत वाईट ठरला होता. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला तर २०१४ मध्ये खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष बायडेन यांनी तिसऱ्या जगातल्या देशाची उपमा दिली होती. पॅरिसचं तिकीट काढून बोवेला उतरलेले लोक तळतळून लिहितात, कारण तिथून पॅरिस ऐंशी-एक किलोमीटर. तुटक्या खुर्च्या, पाणी नसलेली स्वच्छतागृहं, बोर्डिंग पास छापून देण्याचे वेगळे पैसे, आणि सामान अर्धा किलो जास्त भरलं म्हणून जमिनीवर बॅग उघडून बसलेले संसार. हे सगळं खरं आहे, त्रासाचं आहे. पण इमारतीचं दुखणं पैशाने बरं होतं. लाग्वार्डियाची नवी टर्मिनलं २०२२ पर्यंत उभी राहिली आणि तोच विमानतळ आता कौतुकाने दाखवतात. आमच्या इंदूरचं नवं टर्मिनल २०१२ मध्ये झालं. त्याआधीची ती छोटी इमारत ज्यांनी पाहिलीय त्यांना फरक सांगायला नको. माझं आजोळ ग्वाल्हेरचं. तिथलं महाराजपुऱ्याचं जुनं टर्मिनल म्हणजे हवाई दलाच्या आवारातली एक खोली म्हणावी इतकं, आणि मार्च २०२४ मध्ये किल्ल्याची आठवण करून देणारं केवढं मोठं नवं टर्मिनल आलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. मामा तर फक्त बघायला जाऊन आला.

पण खोकी काउंटरमागे ठेवायची की पुढे, हे कुठल्याच वास्तुविशारदाच्या हातात नसतं.

मला सर्वांत वाईट वाटलेली रात्र दिल्लीची. जानेवारीतलं धुकं, इंदूरचं शेवटचं विमान आणि काचेपलीकडे पांढऱ्या भिंतीशिवाय काही नाही. धुक्याचा राग कुणावर काढणार? दिल्लीत कॅट-थ्री यंत्रणा आहे, तिच्या जोरावर धावपट्टीवर पन्नास मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक, तिन्ही त्या तयारीचे लागतात. शिवाय उडायला उतरण्यापेक्षा जास्त दिसावं लागतं, सव्वाशे मीटर. म्हणजे आलेली विमानं उभी आणि जाणारी अडकलेली. हे मला त्या रात्री कुणी सांगितलं नाही, नंतर वाचून कळलं. तिथे फक्त अर्ध्या-अर्ध्या तासाचे हप्ते मिळत होते. हप्त्यांमुळे माणूस जागचा हलत नाही, झोपत नाही, जेवायला जात नाही, दुसऱ्या विमानाची चौकशीही करत नाही. एक बाई कडेवरच्या बाळासाठी गरम पाणी शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. धारचा एक शेतकरी, मुलीच्या उपचारांसाठी आलेला, बोर्डिंग पास दोन्ही हातांत धरून दर घोषणेला उभा राहायचा. ती आमच्या विमानाची नाही हे कळायला त्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. आता तर मोठे विमानतळ शांत असतात. कुठलं विमान कुठल्या दाराने सुटतंय याची घोषणाच होत नाही, पडद्यावर बघायचं. ज्यांना लहान अक्षरं दिसत नाहीत त्यांनी काय करायचं, याचा विचार कुणीतरी केला असेल असं समजून मी शोधलं, तर एका खांबाजवळ मदत कक्ष होता आणि खुर्ची रिकामी होती.

त्याच दिवसांत, १४ जानेवारी २०२४ ला, गोव्याहून दिल्लीला निघालेलं आणि धुक्यामुळे मुंबईला वळवलेलं एक विमान होतं. आधीच तासन्‌तास रखडलेले प्रवासी मुंबईत खाली उतरले आणि विमानाच्या पंखाशेजारी, डांबरावर बसून जेवले. ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, तो सुरक्षेच्या कारणासाठी. ते योग्यच. विमानाच्या चाकांजवळ माणसं बसणं धोक्याचंच आहे. पण मला त्या चित्रात माणसांचे चेहरे आठवतात. ती दंगा करायला उतरलेली माणसं वाटत नव्हती, एकदाची बूड टेकायला जागा मिळालेली माणसं वाटत होती.

काउंटरवरच्या त्या मुलीबद्दलही लिहायला हवं. इंदूरच्या गेटवर मी खोकं घेऊन वळले तेव्हा सहज खाली लक्ष गेलं. तिने काउंटरच्या आड उंच टाचांचे बूट काढून ठेवले होते आणि एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाची टाच दाबत उभी होती. अंबाडा घट्ट, लिपस्टिक तशीच, वर बघितलं तर हसरी. साधारण माझ्या मुलीच्या वयाची. एक गृहस्थ तिच्यावर इतके ओरडत होते की मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, परिचालनाच्या कारणांमुळे. ते परिचालन म्हणजे काय, हे तिलाही कुणी सांगितलं नसेल. माझ्या फोनमधल्या नकाशावर मात्र दिसत होतं की आमचं विमान अजून हैदराबादहून उडालेलंच नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं, दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा तास जेमतेम, म्हणून सकाळी कुठेतरी झालेला उशीर गावोगाव फिरत संध्याकाळी आमच्या गेटवर येऊन बसतो. एवढं एक वाक्य माईकवरून बोलायला काय लागतं? ‘विमान हैदराबादला आहे, नऊच्या आधी येत नाही, तोवर इथे खायला आहे, ज्येष्ठांना जागेवर आणून देतो.’ ते ओरडणारे गृहस्थसुद्धा खाली बसले असते. ते वाक्य बोलायची परवानगी त्या मुलीला नव्हती, आणि ते न बोलल्याचा सगळा मारा मात्र तिच्यावर.

स्वस्त विमानांना मी नावं ठेवणार नाही. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने तिकिटातून जेवण काढलं, बाकीचे लाड काढले आणि विमान आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आणलं. नाहीतर आमच्या लहानपणी एरोड्रम रोडवर सायकल उभी करून उडणारं विमान बघायचं, एवढाच विमानाशी संबंध. रिटायर्ड माणूस बायकोला घेऊन नातवाच्या मुंजीला विमानाने जातो, हे त्यामुळेच घडतं. तिकिटात जेवण नाही, ठीक. पण मग अडकलेल्या माणसाला परवडेल असा चहा तरी? २०१८ मध्ये माजी अर्थमंत्री चिदंबरम यांना चेन्नई विमानतळावरच्या चहाचे १३५ रुपये ऐकून धक्का बसला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला उडान यात्री कॅफे सुरू झालं, चहा १० रुपये, पाणी १० रुपये, समोसा २० रुपये, आणि मग इतर विमानतळांवरही तशी कॅफे येऊ लागली. म्हणजे करायचं म्हटलं की होतं. त्या संध्याकाळी आजोबांना दहा रुपयांचा चहा समोर दिसला असता तर त्यांनी साखरेचं कारण सांगितलं नसतं.

माझा भाचा म्युनिकला असतो. तिकडचं विमान लांबलं तेव्हा त्याने मला गेटजवळच्या फलकाचा फोटो पाठवला. युरोपच्या २००४ च्या कायद्यात चेक-इनपाशी असा फलक लावणं सक्तीचंच आहे: विमान किमान दोन तास लांबलं, रद्द झालं किंवा चढू दिलं नाही, तर तुमचे हक्क सांगणारा कागद मागा. शिवाय दोन तास उशीर झाला की तो कागद प्रत्येकाला लेखी द्यायचा. तीन तासांच्या वर उशिरा पोहोचलात तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो, अर्थात कारण हाताबाहेरचं नसेल तर. तिथल्याही कंपन्या टाळाटाळ करतात, त्याला महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागला. पण भिंतीवर लिहिलेलं होतं. आपल्याकडे उशिरासाठी अशी रोख भरपाई नाहीच. २०२५ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की तिकीट काढलं की प्रवाशाला हक्कांच्या सनदेची लिंक फोनवर पाठवा. चांगलं पाऊल आहे. पण आजोबांचं तिकीट मुलाने पुण्याहून काढलेलं असतं, लिंक त्याच्या फोनवर जाते, आणि तो त्या वेळी ऑफिसात मीटिंगमध्ये असतो. मला ती सनद मोठ्या अक्षरांत, हिंदीत, प्रत्येक गेटसमोर भिंतीवर हवी आहे. इंदूरच्या भिंती रिकाम्या नाहीत, जाहिरातींनी भरलेल्या आहेत. एक जाहिरात कमी करा.

गेल्या महिन्यात माझी आत्या पुण्याला निघाली, पहिल्यांदाच एकटी. रात्रीच्या गाडीचं वरचं बर्थ तिला आता जमत नाही. मी वहीच्या कागदावर जाड स्केच पेनने लिहून दिलं: दोन तास झाले की खाणं मागायचं. सहा तास म्हणाले की पैसे परत किंवा दुसरं विमान. रात्र असेल तर खोली. नाही दिलं तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, ती मी इथून करीन, तू फक्त फोन कर. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, ती आता ‘कशाला मागायचं’ म्हणणार. तिने विचारलं ते वेगळंच. ‘मी मागितलं तर काउंटरवरच्या पोरीला बोलणी बसतील का गं?’

नाही बसणार, मी म्हटलं. आणि तक्रार लिहायची वेळ आलीच तर मुलीचं नाव लिहायचं नाही, विमानाचा नंबर आणि वेळ लिहायची. ते तिला पटलं. कागदाची घडी घालून तिने पुन्हा उलगडला.

‘याच्या चार-पाच झेरॉक्स काढून आण,’ म्हणाली, ‘शेजारी बसलेल्यांना देईन. आणि मागच्या बाजूला हिंदीत लिही, सगळे काही आपल्यातले नसतात.’